परिच्छेद सात

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
आमच्या कोर्टाला सहा आहेत.
हिवाळ्यात त्यांच्यावर मीठ टाकायचं कामही
बावीस वर्षं माझ्याचकडे,
कारकुनाच्या जाहिरातीत ते नव्हतं.

फिलोमेना ड्रॉज जूनमध्ये चढली,
कामावरचे पांढरे गमबूट घालूनच,
कारण सहाची पाळी तिनं फाटकाबाहेर उभ्याउभ्या काढली होती.
पुन्हा.

एकोणीस हंगाम खेकड्यांचे पाय मोडले तिनं.
अमोनियाची नळी फुटली त्या दुपारी
सतरा जणींना घेऊन बाहेर आली,
आणि दुसऱ्या सकाळी हजेरीपटावर
सतराच नावं होती.

कामगार मंडळानं हुकूम केला: परत घ्या.
आमच्याकडे तो नोंदला, शिक्का मीच मारला.
कारखान्याचे मालक ॲम्ब्रोज किओ यांनी
त्याची चौपदरी घडी घालून
डगमगणाऱ्या वजनकाट्याच्या पायाखाली सारली.
हे साक्षीत आलं.
काटा त्यानंतर नीट चालतो, हेही आलं.

मग न्यायमूर्ती तो शब्द बोलले. अवमान.
मी टंकला.
दंड पाच हजार डॉलर,
शिवाय फाटक उघडेपर्यंत रोजचे सहाशे, रविवार धरून,
शिवाय मंडळाच्या वकिलांचा खर्च:
सेंट जॉन्सहून येण्याजाण्याचं पेट्रोल,
मोटेलची एक रात्र, आणि सकाळचा नाश्ता,
ज्यावर दोन्हीकडून पाऊण तास युक्तिवाद झाला.

पाऊण तास. अंडी दोन होती की तीन.

किओंनी अकरा दिवस घेतले.
मी रोज वहीत रेघ ओढत होतो,
दूधवाल्याच्या हिशोबासारखी.
बाराव्या दिवशी ते निळा कोट घालून आले
आणि विनाशर्त माफी मागितली.
माफी कोर्टाची असते, म्हणून तोंड कोर्टाकडे.
तिसऱ्या बाकावर ती बसली होती,
तिच्या वाट्याला कोटाची पाठ आली,
मधोमध एक शिवण उसवलेली.

अकरा हजार सहाशेचा चेक. सरकारजमा.
पावती मी फाडली.

खिडकीशी येऊन तिनं विचारलं, यातलं माझं काय?
मी नियम सांगितला.
दंड कोर्टाच्या मानाचा आहे, बाई.
थकलेला पगार वेगळ्या फायलीत,
त्याची तारीख सप्टेंबरात.
ती म्हणाली, म्हणजे अवमान तुमचा झाला.
मी हो म्हणालो. कागदावर तसंच आहे.

फाटक उघडलं. परत घ्या, घेतलं.
हुकुमात एवढंच होतं.
तिला भिंतीकडे तोंड करून एक टेबल दिलं,
वर दिवा, सुरी, पाण्याची तोटी,
आणि खेकडे नाहीत.
आठ तास. पगार पुरा.
किओंच्या वकिलानं मला फोन करून विचारलं,
यात हुकूम मोडतो का?
मी कारकून. मी सल्ला देत नाही.
पण मी हुकूम परत वाचला, दोनदा,
आणि मोडत नव्हता.

परवा ती पुन्हा आली.
निकालाची प्रत हवी, म्हणाली,
सगळी नको, माझं नाव आहे तेवढंच पान.
मी शोधलं. मथळ्यात मंडळ आणि कंपनी.
ती परिच्छेद सातमध्ये सापडली,
एका लांब वाक्याच्या पोटात,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
ती चूक माझी.

पेन्सिल उचलली मी, आणि खाली ठेवली.
निकालात खाडाखोड केली तर
त्यालाही तोच शब्द लागतो.

प्रमाणित प्रत, एक पान, पाच डॉलर.
सूट देता येत नाही.
तिनं नाणी मोजून ठेवली, ओली होती,
टेबलावर पाच वर्तुळं उमटली.
पावतीवर मी लिहिलं
फी पूर्ण मिळाली,
आणि तिचं नाव,
या खेपेला बरोबर.